पाठ केलेला आनंद

"सर, एकही शब्द विसरलो नाही," वाफवाले म्हणाले आणि निकालाचा कागद त्यांनी माझ्या टेबलावर उलटा ठेवला.

उलटा ठेवलेला निकाल सुलटा करून बघायची गरज नसते. तरी मी बघितला. ऐकणं पास, वाचणं पास, लिहिणं काठावर पास. बोलणं नापास. तिसऱ्यांदा.

"ओव्हर द मून म्हणालात?"

"म्हणालो."

"ऑन क्लाउड नाइन?"

"म्हणालो. वॉकिंग ऑन एअर पण म्हणालो. टिकल्ड पिंक म्हणताना थोडा हसलो, तुम्ही सांगितलं होतं तसं."

मी कागद पुन्हा उलटा ठेवला. वाफवाले खुर्चीच्या टोकावर बसले होते. त्यांची बसायची रीतच तशी. कुणी ऊठ म्हणालं तर लगेच उठता यावं अशी.

त्यांचं खरं नाव माझ्या हजेरीपटावर आहे, पण क्लासमध्ये त्यांना सगळे वाफवाले म्हणत. दवाखान्यात शस्त्रक्रियेची हत्यारं धुऊन, मोजून, कापडात बांधून मोठ्या यंत्रात वाफेवर निर्जंतुक करायची, हे त्यांचं काम. सतरा वर्षं ते तळघरातल्या एकाच खोलीत हेच करत होते. त्यांची बायको त्याच दवाखान्यात नर्स होती. दोन वर्षांपूर्वी तिला परदेशात नोकरी लागली. दीड वर्षापूर्वी ती येऊन मुलीलाही घेऊन गेली. मागे राहिले वाफवाले. त्यांना जायचं तर इंग्रजीची परीक्षा पास व्हायला हवी होती, आणि अर्जाची मुदत येत्या तीस तारखेला संपत होती. ती चुकली की नवा अर्ज, नवी रांग. तीन वर्षं तरी नक्की. मुलगी आता सहा वर्षांची होती. तीन वर्षांनी ती नऊची होईल, एवढा हिशोब त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितला होता आणि मग पुन्हा कधी काढला नव्हता.

"अठरा तारखेला एक जागा रिकामी आहे," ते म्हणाले. "भरून टाकली. आता ही शेवटची."

आता थोडं माझ्या क्लासबद्दल सांगायला हवं. रंगाच्या दुकानावर दोन खोल्या, बावीस वर्षं. माझ्याकडे येणाऱ्यांना साहित्य शिकायचं नसतं. कुणाला नवऱ्याकडे जायचं असतं, कुणाला बायकोकडे, कुणाला मुलाकडे. वाटेत ही परीक्षा आडवी पडलेली असते. तोंडी परीक्षेत समोर एक चिठ्ठी ठेवतात आणि तिच्यावरच्या विषयावर दोन मिनिटं बोलायचं. मी वर्षानुवर्षं त्या चिठ्ठ्यांवर नजर ठेवली आणि माझ्या लक्षात आलं, की एक विषय फिरून फिरून येतो: तुम्हाला खूप आनंद झाला होता असा एखादा प्रसंग सांगा.

झालं. मी एक उतारा तयार केला. मुलगी जन्मली त्या दिवशीचा. दवाखान्याचा लांब व्हरांडा, दार उघडून बाहेर येणारी नर्स, हातात पांढरं गाठोडं आणि मग आनंदाचे अकरा इंग्रजी वाक्प्रचार, एकापुढे एक. इंग्रज माणूस तसा आनंद दाखवायला कंजूस, पण त्याच्या भाषेत आनंदाला तोटा नाही. आपल्याकडे फार तर आनंद गगनात मावत नाही किंवा आकाश ठेंगणं होतं. इंग्रज थेट चंद्रापलीकडे जातो. ढगावर बसतो, आणि तोही मोजून नवव्या. आठव्यावर जागा नसावी. गुदगुल्या होऊन गुलाबी होतो. दोन शेपट्यांच्या कुत्र्याइतका खूश होतो. शिंपल्यातल्या किड्याइतका सुखी होतो. हे मी रंगवून सांगायचो, वर्ग हसायचा आणि पाठ करायचा. माझा हा उतारा सगळ्या क्लासमध्ये प्रसिद्ध होता. खरं सांगायचं तर मला त्याचा अभिमान होता.

त्याच संध्याकाळी, वाफवाले अजून बसलेलेच असताना, त्यांचा फोन वाजला. मुलीचा होता. त्यांनी घाईघाईने रुमालाने तोंड पुसलं, जणू ती बघणारच होती, आणि फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला.

पोर भराभर बोलत होती. तिचं इंग्रजी मला कळायलाही क्षणभर लागला, कारण ते पुस्तकातलं नव्हतं, शाळेच्या मैदानातलं होतं. वाफवाल्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. फ्रेंड, स्कूल, न्यू, एवढे तीन शब्द त्यांनी हवेतून पकडलेले मला दिसले. आणि मी काही सांगायच्या आत त्यांचा चेहरा फुलला.

"आय ॲम ओव्हर द मून!" ते मोठ्याने म्हणाले. "माय जॉय नोज नो बाउंड्स!"

पलीकडून हुंदका. मग त्यांच्या बायकोचा आवाज.

"अहो, काय बोलताय तुम्ही? तिची मैत्रीण शाळा सोडून चाललीय. एकच तर होती. उद्यापासून मी एकटी बसणार म्हणून सांगत होती ती तुम्हाला."

"मला वाटलं, नवी मैत्रीण मिळाली..."

"कळत नसेल तर गप्प तरी बसावं माणसानं."

"तिला आपल्या भाषेत बोलायला सांग ना जरा."

"परत तेच. शाळेनं काय सांगितलंय? उशिरा बोलायला लागलेलं पोर आहे, दोन भाषांचा गोंधळ करू नका, घरीदारी एकच बोला. मला काय हौस आहे का?" मग तिचा आवाज खाली आला. "या हो लवकर. मला एकटीला नाही झेपत आता हे."

फोन बंद झाल्यावर वाफवाल्यांनी तो बराच वेळ तळहाताखाली झाकून ठेवला.

"सर," ते म्हणाले, "तुम्ही मला आनंदाचे अकरा शिकवलेत. दुसरं कशाचं एखादं तरी शिकवायला पाहिजे होतं."

मी म्हणालो, परीक्षेत आनंदच विचारतात. हे मी खरंच म्हणालो. आज आठवलं की जीभ हासडून टाकावीशी वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिवणवाल्या बाई आल्या. ब्लाऊज शिवून चार घरांचे कपडे दुरुस्त करणारी, तोंडाची फटकळ बाई. त्याही नापास झाल्या होत्या, पण रडत नव्हत्या, संतापल्या होत्या.

"सर, तुमचा तो उतारा आहे ना, तो त्या परीक्षक बाईला पाठ आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे मी म्हणाले, आय वॉज ओव्हर द... आणि तीच म्हणाली, मून. हसून. मी घाबरले, पुढचं म्हणायला लागले, तर ती माझ्याबरोबर ओठ हलवायला लागली. शेवटी विचारलं, तुमची मुलगी आता केवढी आहे? सर, मला तीन मुलगे आहेत. मी सांगितलं, तीन मुलगे. झालं ना माझं हसं!"

तेवढ्यात मागून आमचा टेम्पोवाला आत आला. पन्नाशीला आलेला, आईबरोबर राहणारा, बिनलग्नाचा माणूस. तो खाली मान घालून म्हणाला, "माझीही मुलगी त्याच दिवशी जन्मली, सर. माझ्या आधी आत गेलेल्या दोघांचीही. नर्सनं चौघांनाही पांढरं गाठोडंच आणून दिलं."

शिवणवाल्या बाईंना हसू आवरेना. मीही हसलो. आणि हसता हसता थांबलो. पाठ केलेलं बोलणं ऐकलं की परीक्षक गुण कापतात, हे नियमात लिहिलेलं होतं आणि मी ते वाचलेलं होतं. पण माझा उतारा कुणी ओळखेल असं मला वाटलंच नव्हतं. इतका तो मला खरा वाटायचा.

तो खरा नव्हता. मला मूलबाळ नाही. आम्ही नवरा-बायको अकरा वर्षं डॉक्टरांच्या दारात बसलो, तसल्याच एका लांब व्हरांड्यात, आणि मग बसायचं सोडून दिलं. मी त्या नर्सची वाट बघितली होती, ती आली नव्हती. ती मी उताऱ्यात आणली. आडातच नाही ते पोहऱ्यात कुठून येणार, असं मी विद्यार्थ्यांना व्याकरणावरून ऐकवायचो. आणि स्वतः मात्र कोरड्या आडातून शेकडो लोकांना पाणी वाटत बसलो होतो. त्या पाण्यात वाफवाले तीनदा बुडाले.

ते पुढे चार दिवस क्लासला आले नाहीत. अठरा तारीख नऊ दिवसांवर आली होती. पाचव्या दिवशी दुपारी मी दवाखान्यात गेलो, तळघराचा जिना उतरलो आणि खोलीच्या दारात उभा राहिलो.

आत भट्टीसारखं गरम होतं. वाफवाले कापडावर चिमटे मांडत होते, ओठांतल्या ओठांत मोजत होते. मला बघून त्यांनी फक्त एक बोट वर केलं. मोजणं पुरं होईपर्यंत मी तिथेच थांबलो. त्यांनी कापडाची चारही टोकं दुमडली, पट्टी चिकटवली, तारीख लिहिली आणि गठ्ठा जाळीच्या टोपलीत ठेवला.

"बोला सर. मोजायला चुकलं तर हत्यार पोटात राहतं कुणाच्या तरी, म्हणून थांबवलं तुम्हाला."

मी त्यांना सगळं सांगितलं. उतारा, परीक्षक बाई, टेम्पोवाला. मूलबाळ नसल्याचंही सांगितलं. ते ऐकत होते आणि पुढचा गठ्ठा बांधत होते. माझं बोलणं संपलं तेव्हा ते चिडतील असं मला वाटलं. चिडले असते तर बरं झालं असतं.

"म्हणजे मी तीनदा पास झालो असतो," ते शांतपणे म्हणाले.

"असं म्हणता येत नाही."

"येतं सर. बाकीचं सगळं मला येत होतं."

यंत्रातली वाफ सुटण्याचा आवाज झाला. तो थांबेपर्यंत दोघांनाही बोलता येत नव्हतं, ते एक बरंच झालं.

"नऊ दिवस आहेत," मी म्हणालो. "पाठ केलेलं सगळं टाकून द्या. तुमचा स्वतःचा आनंद सांगा. साध्या इंग्रजीत. मोडकंतोडकं चालेल, पण तुमचं पाहिजे. असा एक तरी दिवस असेलच की."

"मला कुठला आनंद, सर? इथे बघा की."

पण हात चालू असताना माणसाचं मन मोकळं फिरतं. दोन गठ्ठे बांधून झाल्यावर ते आपण होऊनच बोलायला लागले.

"आमची पोरगी बोलायची नाही, सर. साडेतीन वर्षांची झाली तरी एक शब्द नाही. कान तपासले, डोकं तपासलं. आई म्हणायची, हे मुकंच राहणार, दुसरं होऊ द्या. बायको रात्रभर रडायची. एकदा काय झालं, मी रात्रपाळी करून आलेलो. हिची सकाळची ड्यूटी, ही गेली निघून. मी दूध तापायला ठेवलं आणि जरा पाठ टेकली. लागला डोळा. तर कुणीतरी माझी बाही ओढतंय. बघतो तर पोरगी. म्हणाली, बाबा, ऊठ. दूध उतू गेलं."

ते हसले. तसं हसताना मी त्यांना पाहिलं नव्हतं.

"पाच शब्द, सर! एकदम पाच! नुसतं बाबा म्हणाली असती तरी मी वेडा झालो असतो. मी तसाच बसलो, तिला म्हणतो, परत म्हण. ती म्हणाली, ऊठ. मी म्हणतो, परत म्हण. ती चिडली. दूध, दूध, दूध! आणि तिकडे दूध चाललंय खाली, पातेलं जळलं, घरभर वास. मी काही उठलो नाही. काहीतरी विसरलं म्हणून बायको परत आली, दारातूनच ओरडायला लागली. मी म्हटलं, थांब, हिला विचार काय झालं. आणि सर, पोरगी म्हणते, बाबा उठलाच नाही!"

त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हात मात्र गाठ मारतच होते. मी म्हणालो, हेच. हेच सांगायचं. बावीस वर्षांत असला उतारा मला सुचला नव्हता.

मग आम्ही रोज तासभर बसलो. मिल्क, स्टोव्ह, स्लीप, शर्ट. शी पुल्ड माय स्लीव्ह. अवघड काही नव्हतं. मी एकच बंधन घातलं होतं: पाठ करायचं नाही. रोज नव्याने आठवायचं, डोळे मिटून त्या खोलीत जायचं आणि दिसेल ते सांगायचं. ते तसं करत. पहिल्या दिवशी अडखळले, चौथ्या दिवशी सलग दोन मिनिटं बोलले. मुलीचे शब्द आले की ते दरवेळी थांबायचे. "सर, हे इंग्रजीत कसं सांगू? ती इंग्रजीत नव्हती ना म्हणाली." मी म्हणालो, तिचे शब्द तसेच सांगा आणि मग अर्थ सांगा. वेगळं वाटेल, परीक्षकाला आवडेल. ही माझी अक्कल.

अठरा तारखेला मी त्यांच्याबरोबर गेलो. परीक्षेची इमारत चार मजली, बाहेर रुंद पायऱ्या. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. आत जाताना मला म्हणाले, "आनंदाचा विषय आला नाही तर?" मी म्हणालो, "येईल. तोच येतो." आणि मनात म्हणालो, आजच्या दिवस येऊ दे, मग पुन्हा काही मागणार नाही.

मी पायऱ्यांवर उभा राहिलो. एक तास, मग आणखी वीस मिनिटं. मग ते काचेचं दार ढकलून बाहेर आले, आणि त्यांचा चेहरा बघून माझा जीव भांड्यात पडला. तळघरात पाहिलेलं तेच हसू, कानापर्यंत.

"आला सर! तोच विषय आला!"

"मग?"

"सगळं सांगितलं. अडलोच नाही कुठे! बाईनं घड्याळ बघितलं नाही, ओठ हलवले नाहीत. नुसती माझ्याकडे बघत होती. पातेलं, वास, बायको आली ते, सगळं. आपण सरावात कधी इतकं बोललो नव्हतो, सर. वेळ संपली तरी तिनं मला थांबवलं नाही. शेवटी डोळे पुसले तिनं, खरंच."

"शाबास!" मी त्यांचा हात धरला. "आणि मुलीचे शब्द?"

"तसेच सांगितले. बाबा, ऊठ. दूध उतू गेलं."

"मग अर्थ सांगितलात?"

"अर्थ ना, अर्थ..." ते म्हणाले. "मग मी म्हणालो, एकदम पाच शब्द. नुसतं बाबा म्हणाली असती तरी... मग म्हणालो, परत म्हण..."

ते बोलायचे थांबले. हसू अजून चेहऱ्यावर होतं, पण त्याच्यामागचा माणूस निघून जावा तसं ते तिथे नुसतं राहिलं होतं.

"इंग्रजीत काय म्हणालात?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग काचेच्या दाराकडे बघितलं, जणू आत जाऊन विचारता येईल.

"सर, मी कुठल्या भाषेत बोललो?"

ते हळूच पायरीवर बसले. इस्त्रीच्या पँटची त्यांनी घडीसुद्धा सांभाळली नाही.

"दूध उतू गेलं म्हणालो," ते म्हणाले, "आणि मग कळलंच नाही. ते सगळं तसंच आलं. आपण होऊन आलं." मग म्हणाले, "बाईनं सांगायला पाहिजे होतं हो."

मी म्हणालो, सुरुवातीच्या बोलण्याचे गुण मिळतील, बाकीचे प्रश्न असतात, काही सांगता येत नाही. ते मला मध्येच थांबवून म्हणाले, "सर, आता नको." पुढची परीक्षा पाच तारखेला होती, मुदत संपल्यावर. ते त्यांना माहीत होतं आणि मलाही.

माझा मला इतका राग आला होता की तिथून पळून जावंसं वाटत होतं. आधी मी या माणसाला खोटा आनंद दिला, त्यात तो नापास झाला. मग खरा काढायला लावला, त्यात तर पार बुडाला. हे त्यांना सांगावं म्हणून मी शेजारी बसलो, तर तेच म्हणाले, "तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. दीड वर्षात कुणाला सांगितलंच नव्हतं हे. बरं वाटलं सांगताना." आणि त्यांचा फोन वाजला.

दोनदा वाजून थांबला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा त्यांनी उचलून आवाज मोठा केला. बायकोने बहुधा मुलीच्याच हातात दिला होता, कारण पलीकडून तीच बोलत होती. या वेळी हळू, एकेक शब्द सुटा करून, म्हाताऱ्या माणसाला सांगावं तसं.

"काय म्हणतेय?" त्यांनी फोनवर हात ठेवून मला विचारलं.

"विचारतेय, पास झालात का. कधी येताय."

मी त्यांच्या कानाशी वाकून एक सोपं वाक्य सांगायला लागलो. सून म्हणा, व्हेरी सून. त्यांनी माझ्यापुढे हात आडवा धरला.

"नाही गं बाळा," ते फोनमध्ये म्हणाले. आवाज अगदी नेहमीचा होता. "बाबाला नाही जमलं."

पलीकडे कुणी बोलेना. तिला समजलं की नाही, मला सांगता येणार नाही. वाफवाले फोन कानाशी धरून ऐकत राहिले. परीक्षा सुटली होती, मागून पोरं धडाधड पायऱ्या उतरत होती. त्यांना वाट द्यायला ते जरा भिंतीकडे सरकले.